माकडतापाचं पुस्तक कोण लिहिणार, आणि कोणाच्या पैशाने?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात २०१६ च्या सुरुवातीला माणसं तापाने फणफणू लागली. आसपासच्या रानात माकडं मरून पडत होती. निघाला तो माकडताप, गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेलेला हा विषाणू. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत दिसला होता, आणि सत्तरी ते दोडामार्ग ही काही लांबची वाट नव्हे. पुढच्या हंगामात सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही रुग्ण सापडले. रक्ताचे नमुने पुण्याच्या आणि मणिपालच्या प्रयोगशाळांत गेले, अत्यवस्थ रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेले, आणि पाऊस लागला तशी साथ ओसरली.

या साथीवर शोधनिबंध निघाले. ते चांगले आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण शोधनिबंध एका प्रश्नाचं एक उत्तर देतो. विषाणू कोणत्या वंशावळीचा, रुग्ण किती, लस घेतलेल्यांपैकी आजारी किती पडले, एवढं सांगून तो थांबतो. दोडामार्गात आजार का टिकला, हे समजायला वेगळ्याच चार गोष्टी एका धाग्यात ओवाव्या लागतात. बाल्यावस्थेतल्या गोचिडी कोरड्या दिवसांत जास्त असतात. नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीपासून मेपर्यंत, अख्खं गाव काजूच्या बागेत वाकलेलं असतं. त्याच दिवसांत भाजावळीसाठी, म्हणजे लावणीआधी शेत भाजायला, आणि गोठ्यात अंथरायला पातेरा गोळा होतो, आणि सुक्या पाल्याचा ढीग घराशेजारी असणं हा माकडतापातला धोका आहे हे शिमोग्याकडच्या अभ्यासात दिसलेलं आहे. गुरं रानात चरून परततात ती गोचिडी घेऊन. वर माकडांच्या उपद्रवाने शेतकरी आधीच मेटाकुटीला आलेला. मेलेलं माकड दिसलं तर आरोग्य खात्याला कळवायचं सोडून तो मनातल्या मनात सुटलो म्हणतो. यातला गोचिडीचा भाग कीटकशास्त्रज्ञाला माहीत, काजूचा कृषी विद्यापीठाला, गुरांचा पशुवैद्यकाला, आणि शेवटचा फक्त आशाताईला. चौघांना एका मांडवाखाली आणतं ते पुस्तक. अडीचशे-तीनशे पानांचं, नकाशे असलेलं, तज्ज्ञांनी तपासलेलं. ते लिहिलं गेलेलं नाही, आणि आज जी व्यवस्था आहे तिच्यात लिहिलं जाणारही नाही.

कारण साधं आहे. असं पुस्तक विकत कोण घेणार? आरोग्यावरची पुस्तकं मराठीत खपतात, पण ती मधुमेहाची, वजन घटवण्याची, गर्भसंस्कारांची. इंग्रजीत खपतात ती परीक्षेची, नीट आणि पीजीच्या तयारीची. सिंधुदुर्गातल्या एका साथीवरच्या संशोधनपर ग्रंथाच्या तीनशे प्रती संपायला दहा वर्षं जातील. प्रकाशक धर्मादाय संस्था चालवत नाही. त्याने नाही म्हटलं तर तो चुकला असं मी म्हणणार नाही. आणि लिहिणाऱ्याने दोन-तीन वर्षं कशाच्या जोरावर लिहायचं? सरकारी डॉक्टरला तेवढी रजा मिळत नाही. मेडिकल कॉलेजमधल्या प्राध्यापकाच्या बढतीत वजन शोधनिबंधाला; पुस्तकामागे तीन वर्षं घालवणाऱ्याला घरचे आणि खातं दोघंही वेड्यात काढतात. खासगी दवाखानावाल्याने ओपीडी बंद ठेवून लिहावं ही अपेक्षाच गैर. म्हणून माझं म्हणणं असं, की आरोग्य आणि वैद्यकावरच्या अभ्यासपूर्ण ग्रंथांसाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, तो छपाईच्या आधी लेखनावर खर्च व्हावा, आणि त्या पैशातून झालेलं पुस्तक कोणालाही फुकट वाचता यावं.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये वैद्यकीय ग्रंथालयांना मदत करण्याचा कायदा झाला, आणि बेथेस्डाचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आरोग्यविषयक विद्वत्तेच्या पुस्तकांना अनुदान देत आलं: वैद्यकाचा इतिहास, सार्वजनिक आरोग्य, नीतिविचार, एखाद्या विषयाचा साकल्याने घेतलेला आढावा. अनुदानाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, तीन वर्षांपर्यंत. ज्या लेखनाला बाजार उचलून धरणार नाही त्यालाच हे पैसे, हा त्यामागचा सरळ हिशेब. जिथे वैद्यकीय प्रकाशनाचा धंदा आपल्या शतपट मोठा, तिथेही हे बाजारावर सोडून भागलं नाही. ब्रिटनमधली वेलकम ट्रस्ट ही संस्था सरकारी नाही, धर्मादाय आहे. तिने २०१३ पासून आपल्या पैशातून लिहिलेली पुस्तकंही सर्वांना खुली असली पाहिजेत अशी अट घातली. ती अट उचलण्यासारखी आहे.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. मुंबई सरकारने १८८० मध्ये रत्नागिरी आणि सावंतवाडीचा गॅझेटिअर छापला. संपादक जेम्स कॅम्पबेल. रत्नागिरीचा बराचसा मजकूर इथे काम केलेल्या विडाल नावाच्या अधिकाऱ्याने पुरवला. पाऊसपाणी, पिकं, बंदरं, जातीजमाती यांच्या जोडीला त्यात आजार आहेत, दवाखाने आहेत, देवी टोचण्याची माहिती आहे आणि साप आहेत. फुरसं या विषारी सापासाठी रत्नागिरी जिल्हा बदनाम होता. फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि लोकांनी ती लाखांच्या घरात मारून आणली. बक्षिसावर गेलेल्या आण्यांनी फुरसं संपलं नाही. आजही चिऱ्यांच्या गडग्यात हात घालताना माणूस दोनदा विचार करतो. पण पुस्तकावर गेलेले पैसे मात्र वसूल झाले. हा गॅझेटिअर साम्राज्याच्या सोयीसाठी लिहिला होता, त्यातली माणसांविषयीची काही वाक्यं आज वाचवत नाहीत, हे सगळं मान्य. तरी कोकणातल्या सर्पदंशावर कोणी गंभीरपणे काही म्हणू लागलं की त्याला तिथपासून सुरुवात करावी लागते. आपल्या राज्याच्या दर्शनिका विभागाने जुने गॅझेटिअर संगणकावर आणून सर्वांना मोकळे केले, हे फार चांगलं काम झालं. मग दीडशे वर्षांत त्या तोलाचं आरोग्याचं दुसरं पुस्तक या किनाऱ्यावर का झालं नाही, असं विचारावंसं वाटतं.

ज्ञान पुस्तकात न उतरल्याची किंमतही कोकणाला ठाऊक आहे. गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा उपयोग केला. औषधाचा तपशील ते उघड करत नाहीत म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८७४ मध्ये ते गेले तेव्हा त्या उपचाराचा ग्रंथ झालेला नव्हता. कडू कवठ ज्या जातकुळीचं, त्याच चालमोग्रा गटातल्या तेलांवर पुढे १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत जगभर कुष्ठरोगाचा उपचार चालला. भाऊ दाजींचं औषध कितपत गुणकारी होतं हा वाद बाजूला ठेवू. रुग्णांच्या नोंदी, मात्रा, अपयशं हे सगळं पानांवर आलं असतं तर ते तपासता तरी आलं असतं.

उलट उदाहरण महाडचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं, त्यातही पोरं, डोळ्यांदेखत जात होती. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. रक्तदाबावरचं प्राझोसिन त्यांनी वापरलं, १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, आणि विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलली. २०११ मध्ये त्यांची प्राझोसिन आणि प्रतिविषाची चाचणी 'बीएमजे'त आली. ती आज कोणीही मोबाइलवर फुकट वाचू शकतो. हे एका जिद्दी माणसाने केलं म्हणून झालं. सगळ्या किनाऱ्याचं आरोग्यशास्त्र जिद्दी माणसांच्या भरवशावर सोडून चालेल का? आणि अशा माणसालाही कोणी 'दोन वर्षं घ्या, बदली डॉक्टरचा खर्च आम्ही देतो, चाळीस वर्षांचं सगळं एका जागी लिहा' असं म्हटलं तर काय हाती लागेल याची कल्पना करा.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जोरकस आक्षेप असा: आधी डॉक्टर द्या, मग पुस्तकं छापा. उपजिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, सोनोग्राफीचं मशीन आहे तर चालवणारा नाही, आणि तुम्ही ग्रंथ कसले लिहिता? हा राग खरा आहे, आणि सिंधुदुर्गातून बांबोळीपर्यंत अँब्युलन्समधून गेलेल्या कोणाशीही मी यावर वाद घालणार नाही. डॉक्टरची जागा भरणं आणि पुस्तक लिहिणं यांत एकच निवडायचं असेल तर डॉक्टर. पण हिशेबात ते समोरासमोर येतच नाहीत. केंद्र सरकारने 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं, सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या सगळ्यांना वाचायला. म्हणजे वर्षाला २,००० कोटी, मुख्यतः परदेशी प्रकाशकांना, आणि तेही वाचण्यासाठी. त्याचा हजारावा हिस्सा म्हणजे दोन कोटी. एका ग्रंथाला दहा लाख धरले तर देशभरात वर्षाला वीस पुस्तकं उभी राहतात. या योजनेला माझा विरोध नाही. सिंधुदुर्गात ओरोसला असलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्याला त्यातून जगभरची नियतकालिकं उघडता येतील, हे उत्तमच. पण तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्यातून काहीच मिळत नाही. आणि जे लिहिलंच गेलेलं नाही ते सदस्यत्व घेऊन वाचता येत नाही.

शिवाय डॉक्टर टिकत नाहीत, हीच तर पुस्तकाची सगळ्यात मोठी गरज आहे. सावंतवाडी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी एक बॉक्स फाइल पाहिली. आत झेरॉक्स केलेली परिपत्रकं, तापाच्या रुग्णांच्या याद्या, आणि एका वाडीचा हाताने काढलेला नकाशा. माकडं जिथे मेली तिथे लाल पेनाने फुल्या. कोणत्या घरातली माणसं कोणाच्या काजूबागेत कामाला जातात ते बाणांनी दाखवलेलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'या घरी पातेरा मागील पडवीत. दोघे आजारी.' काढणारा डॉक्टर बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आला होता. बाँड संपला, तो पीजीला गेला. चार्ज देताना फाइल कपाटात राहिली, कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "सर फार मन लावून करायचे. आता ती कोण उघडत नाही, पण आम्ही फेकली पण नाही." रत्नागिरी, ओरोस, अलिबाग, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेजं झाली. तिथे येणारी मुलं नीटच्या गुणांवर येतात, बरीच मराठवाड्या-विदर्भातली, काही राज्याबाहेरची. लावणी त्यांनी पाहिलेली नाही, काजूचा हंगाम माहीत नाही. त्यांच्या हातात या मुलखाच्या आजारांचं एक धड पुस्तक ठेवता येऊ नये?

दुसरा आक्षेप: आता पुस्तकं कशाला, सगळं मोबाइलवर आहे, विचारलं की सांगतो. मोबाइल सांगतो ते कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं म्हणून. दोडामार्गाविषयी लिहिलेलं नसेल तर तो शिमोग्याचं सांगेल, आणि इतक्या ठामपणे सांगेल की नव्या डॉक्टरला फरक कळायचा नाही. शिमोग्यातल्या रानात आणि आपल्याकडच्या काजूबागेत फरक आहे. शंभर अर्धवट उत्तरांपेक्षा एक तपासलेला ग्रंथ असला तर त्या यंत्रांनाही काही सकस खायला मिळेल, एवढंच म्हणतो.

वैद्यकातलं पुस्तक लवकर शिळं होतं, असंही म्हणतात. औषधाचं प्रकरण शिळं होतं, खरंच. माकडतापाची जुनी लस वर्षानुवर्षं टोचली गेली, तिचा उपयोग कमी पडतो असं दिसत गेलं आणि २०२२ मध्ये कर्नाटकाने ती थांबवली. त्याआधीच्या पुस्तकातलं लसीचं पान आज चुकीचं ठरलं असतं. पण गोचिडीचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकत्र येतो, हे पान शिळं होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांतल्या पोषणमूल्यांचं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या सरकारी खर्चाने काढलं, अत्यल्प किमतीत विकलं, आणि २०१७ मध्ये सगळं मोजमाप नव्याने करून नवी कोष्टकं दिली. त्यात समुद्री मासेही आहेत. आहारतज्ज्ञाने बांगड्यात प्रथिनं किती म्हणून सांगितलं की तो आकडा बहुधा तिथूनच आलेला असतो. बाजारावर सोडलं असतं तर हे मोजमाप कोणी केलं असतं? शिळेपणावर उपाय म्हणजे सुधारित आवृत्ती, आणि तिचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवणं.

तिसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण त्यात तथ्य आहे. सरकारी पैसा आला की सरकारी पुस्तकं येतात. जाड बांधणी, सुरुवातीला चार मंत्र्यांचे शुभसंदेश, आत उचलेगिरी, आणि प्रती गोदामात. ग्रंथालयांच्या खरेदीवर डोळा ठेवून पुस्तकं काढायची रीत मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी मोठ्याने बोलत नाही एवढंच. पण याच राज्यात सरकारच्या पैशातून वाईला मराठी विश्वकोश झाला, पहिला खंड १९७६ चा, आणि आज तो कोणालाही फुकट उघडता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं तशीच खुली आहेत. नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होतं. पदवी पातळीची मराठी पुस्तकं त्याने काढली, आणि पुढे ते मंडळच बंद पडलं. तेव्हा सरकार पुस्तक करू शकत नाही असं नाही. कधी चांगलं करतं, कधी सोडून देतं.

चांगलं कधी होतं हे पाहिलं तर पैसे कशावर द्यायचे तेही कळतं. प्रतींवर अनुदान दिलं की प्रती वाढतात, पुस्तक सुधारत नाही. पैसे द्यायचे ते लेखकाच्या वेळेला, त्याच्या जागी काम करणाऱ्या डॉक्टरला, गावोगावच्या प्रवासाला, नकाशे काढणाऱ्याला, आकडे तपासणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला, संपादकाला आणि सूची करणाऱ्याला. हो, सूचीला. मराठीत वैचारिक पुस्तकाला धड सूची मिळणं हे नशीब समजायचं, आणि ज्या पुस्तकात रात्री अकरा वाजता रुग्ण समोर असताना काही शोधायचं असतं त्याला सूची नसेल तर ते नसल्यातच जमा. हस्तलिखित दोन तज्ज्ञांनी वाचावं, एक तरी राज्याबाहेरचा असावा, आणि त्यांचे अभिप्राय पुस्तकाबरोबरच प्रसिद्ध व्हावेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याने इंग्रजीत लिहावं, पण पूर्ण मराठी आवृत्तीचा खर्च त्याच अनुदानात धरावा; सारांशाची चार पानं जोडून ती बोळवण नको.

पुस्तक खुलं ठेवायची अट मी कोकणात राहून जरा जास्तच आग्रहाने मांडतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरानंतर सावरलेलं ते पुन्हा पाण्यात गेलं. छापील प्रत हवीच, आरोग्य केंद्रात आणि गावच्या वाचनालयात हवी. पण एकमेव प्रत नदीच्या काठी ठेवायची हौस आता परवडत नाही.

आणि मग तो विषय, ज्याच्यासाठी मला सार्वजनिक पैसाच हवा, दुसरा कोणाचाही नको. खेड तालुक्यात लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे आणि खाली दाभोळची खाडी. खाडीतले मासे मरतात, पाण्याचा रंग बदलतो, ही मासेमारांची तक्रार वर्षानुवर्षांची. या पट्ट्यातल्या माणसांच्या आरोग्याचं काय होतं? कातडीचं, श्वासाचं, गरोदर बायांचं? कारखान्यांमुळे काही होतं किंवा होत नाही, असं मी इथे म्हणत नाही. ते सांगायला पुराव्याचं पुस्तक लागतं, आणि त्यासाठीच हा लेख आहे. ते कोणाच्या पैशातून होईल? कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून झालं तर खाडीकाठचा एकही भोई, दालदी त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच असेल. एखाद्या आंदोलनाने करवून घेतलं तर कारखानदार ते उचलून फेकतील. औषध कंपन्यांना यात विकण्यासारखं काही नाही. दवाखान्यांच्या शेल्फवर एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, आणून दिलेल्या गुळगुळीत पुस्तिका पाहा: जिथे गोळी आहे तिथेच पुस्तिका आहे. नळाचं पाणी आणि खाडीची हवा यावर गोळी नाही, म्हणून पुस्तिकाही नाही.

सरकारच्या पैशातून मात्र ते होऊ शकतं, एका अटीवर: पैसे देणाऱ्याला हस्तलिखितातली एक ओळही कापायचा अधिकार नसावा. प्रदूषण नियंत्रण मंडळावर टीका असेल, उद्योग खात्यावर असेल, आरोग्य खात्याने वेळेवर तपासणी केली नाही असं म्हटलेलं असेल, तरी ते छापलं जावं. हे आपल्याकडे अवघड आहे, मला ठाऊक आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावरून जाणारं काहीही चार सह्यांनी बोथट होतं. म्हणून निवड आणि देखरेख जिल्ह्यात नको. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे द्या, आणि कोणते प्रस्ताव आले, कोणते नाकारले, का नाकारले, ही यादी दरवर्षी उघडी ठेवा. यादी उघडी असली की लोट्याचा प्रस्ताव गुपचूप मारता येत नाही. मारला तर दिसतो. एवढ्यानेही फरक पडतो.

पैशांसाठी जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांकडे पाहता येईल. तिथून निधी घेऊन विद्यापीठाकडे वर्ग करायचा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही किनारी जिल्ह्यांनी मिळून वर्षाला दोन पुस्तकांचा खर्च उचलला तर कोणाच्या रस्त्याच्या डांबराला हात लागणार नाही. (डांबर तसंही पहिल्या पावसात जातं.)

पहिलं पुस्तक कोणतं असावं म्हणाल तर मी लेप्टोचं, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, म्हणेन. माकडताप दोन तालुक्यांपुरता. लेप्टो लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्या प्रत्येकाचा, महाड-चिपळूणच्या पुरानंतर घरं साफ करणाऱ्यांचा, गोठ्यातल्या बाईचा. तो टाळायला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. कोणी घेतल्या, कोणी पोट बिघडतं म्हणून फडताळात ठेवल्या, ताप आल्यावर किती दिवसांनी माणूस दवाखान्यात आला, याच्या नोंदी रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रजिस्टरांत पडून आहेत. लिहिणाराही फार शोधावा लागणार नाही. कम्युनिटी मेडिसिनचा एखादा प्राध्यापक, बरोबर एक पशुवैद्यक आणि दोन पावसाळे. जूनच्या आधी मंजुरी मिळाली तर पहिला पावसाळा वाया जात नाही.